कंडक्टर काकाजींचं मोहाचं झाड

"ए, मांगं सरक! दाराजवळ गर्दी नोको करू!"

पवनीतल्या नव्या घरात राहायला आलो, त्या पहिल्याच सकाळी शेजारच्या गच्चीवरून ही आरोळी आली. मी ब्रश तोंडात ठेवूनच दोन पावलं मागे सरकलो. मग कळलं, दटावणी मला नव्हती. समोर पायजमा-बनियनमधले एक सडपातळ म्हातारे कुंडीतल्या दीड फुटी झाडाच्या फांदीला तांब्याची तार गुंडाळत होते, आणि फांदी ऐकत नव्हती.

हे दौलतजी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण गाडीतून अजून उतरलेले नाहीत. बोलणं संपलं की "टिंग टिंग" म्हणतात. दोन घंट्या म्हणजे गाडी सुटली, आपण निघावं. मध्येच एकदा "टिंग" म्हणाले तर आपली गाडी थांबली, आता मुकाट्यानं ऐकायचं. सर्वांत लाडकं वाक्य, "थांबा नाई तेथं." त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, चहात साखर जास्त मागितली तरी हेच, मी झाडाला बोट लावायला गेलो तरी हेच.

झाड मोहाचं. शहाणे लोक बोन्सायला बारीक पानाचं झाड घेतात. मोहाचं पान तळहाताएवढं आणि झाड दीड फूट. मी एकदा म्हणालो, "काकाजी, पानांखाली झाड शोधावं लागतं." आठ दिवस अबोला. नवव्या दिवशी त्यांनी कातरीनं सगळी पानं छाटली आणि मला मुद्दाम बोलावून दाखवलं. "आता नवी पानं लहान येते. तुह्या जिभेलेबी असंच करा लागन."

वीस वर्षं हा कारभार चालू होता. दर दोन वर्षांनी झाड उपसून मुळं छाटायची, माती बदलायची, तार बांधायची, ती सालीत रुतायच्या आत सोडायची. फांद्यांना सीट नंबर होते. "तीन नंबर उभा हाय पाह्य, त्याले बसव." पाच नंबरला एकदा त्यांनी गाडीतून खालीच उतरवलं. कापल्या जागेतून पांढरा चीक यायला लागला, तर स्वतःच हळद लावत तासभर हळहळत बसले.

खरी गंमत पानगळीत. मोह वेचणारे लोक झाडाखालचा पाचोळा झाडून जाळतात, म्हणजे पडलेलं फूल स्वच्छ दिसतं. दौलतजी गच्चीवर कुंडीभोवतीची जागा शेणानं सारवायचे आणि गळलेली दहा-बारा पानं रीतसर पेटवायचे. तेवढ्या धुरानंही माझ्या बायकोची वाळत घातलेली साडी बरोबर गाठली जायची. फूल मात्र एकाही वर्षी आलं नव्हतं.

"एवढ्याशा झाडाला कुठलं फूल येतं, काकाजी?"

"टिंग टिंग," ते म्हणाले. मी खाली उतरलो.

यंदा फाल्गुनात झाड बोडकं झालं आणि फांद्यांच्या टोकांना तपकिरी कळ्यांचे झुबके आले. दौलतजी हवेत तरंगत होते, आणि नेमकं तेव्हाच साकोलीत भाचीचं लग्न निघालं. मामाशिवाय लग्न कसं लागणार? जाताना मला दहादा बजावलं, "फूल पडलं तं हात नोको लावू. मी सकाळच्या गाडीनं येतो."

सकाळी गच्चीवर गेलो. सारवलेल्या जागेवर एकच फूल पडलं होतं. टपोरं, पिवळट, दवानं ओलं. आता मी झाडीपट्टीतच वाढलेला माणूस. मोहाचं ताजं फूल दिसलं की आमचा हात कुणाला विचारत बसत नाही. उचललं, फुंकलं, तोंडात टाकलं. गोड होतं. गिळून झाल्यावर ते कुणाचं होतं हे आठवलं.

दौलतजी पिशवी हातात घेऊन थेट गच्चीवरच आले. "पडलं?"

पाखरानं नेलं असं सांगायचं ठरवलं होतं, पण तोंडाला वास येत होता. "काकाजी, मी खाल्लं."

आरोळी येईल म्हणून मी वाट पाहिली. ते कठड्यावर बसले. "ते तुह्यासाठी नोयतं, गड्या."

मग जे सांगितलं ते माझ्यापेक्षा झाडालाच सांगितलं. काकूंचं माहेर कोंढ्याकडचं. वडिलांच्या वावरात, रस्त्याच्या कडेलाच मोठा मोह होता. लग्नानंतर एका फाल्गुनात काकू यांच्याच गाडीत होत्या. झाड दिसताच म्हणाल्या, "एक घंटी मारा ना जी, दोन फुलं येचून येतो." गाडी भरलेली. दौलतजी सगळ्यांसमोर म्हणाले, "थांबा नाई तेथं." काकूंनी पुन्हा कधी मागितलं नाही. पुढे भावांत वावराच्या वाटण्या झाल्या आणि मोह तोडला गेला. तोडला त्या दिवशी दौलतजी ड्युटीवर होते. थांबा नसताना त्यांनी घंटी मारली, गाडीतून उतरले, आणि आडव्या पडलेल्या झाडाखालची एक बी खिशात टाकून आणली.

"आता तिचे गुडघे गेले. गच्चीवर येत नाई. मी कायले हे करून राहिलो, तिले मालूमच नाई."

माझ्या जिभेवर गोडी अजून होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

कळ्या बऱ्याच शिल्लक होत्या. संध्याकाळी आम्ही दोघांनी कुंडी जिन्यावरून खाली आणली, आणि "घरात कायले हा कचरा?" या काकूंच्या प्रश्नाला दाद न देता त्यांच्या खाटेशेजारी ठेवली. खाली लोखंडी परात, शेणानं सारवलेली.

पहाटे दूध आणायच्या निमित्तानं मी दारात हजर. परातीत दोन फुलं पडली होती. काकू झोपलेल्या. दौलतजी खाटेच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले, घसा खाकरला.

"टिंग."

काकूंनी डोळे उघडले. "काय होय जी?"

"थांबा आला. उतर."

काकूंनी परातीकडे पाहिलं. हात लांबवून एक फूल उचललं, नाकाशी धरलं, आणि बराच वेळ तसंच धरून ठेवलं.

"बाबाच्या वावरातला हाय," त्या म्हणाल्या. मग नवऱ्याकडे पाहिलं. "थांबवली का गाडी? कितीक उशीर करता!"

दौलतजींनी घाईघाईनं तीन नंबरच्या फांदीकडे तोंड फिरवलं. काकू दुसरं फूल वेचायला वाकल्या. आता ते "टिंग टिंग" म्हणतील म्हणून मी दारात थांबलो होतो. पण त्या सकाळी त्यांनी गाडी सोडलीच नाही.