सोनकुसरे साहेबांची मुलायम नोटीस

सोनकुसरे साहेब कॉम्प्युटरला 'अहो' म्हणतात. ऑफिसात सगळ्यांना 'काहून गा' आणि 'ये वं' करणारा हा माणूस, पण एआयशी बोलायचं झालं की सरळ बसतो, शर्टाचं वरचं बटण लावतो आणि म्हणतो, "नमस्कार. जरा काम होतं तुमच्याकडे. सवड आहे ना?" काम झालं की आभार मानतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडण्याआधी "जेवून येतो हं" असं सांगून जातो. एकदा लाईट गेली, तेव्हा "त्यायचं बोलणं अर्धंच राहिलं" म्हणून ते अर्धा तास बेचैन होते.

नागपूरजवळ हिंगण्याला आमचा पंप बनवण्याचा कारखाना आहे. मी तिथे एचआरमध्ये आहे आणि सोनकुसरे साहेब माझ्या शेजारच्या टेबलावर. त्यांच्या मागच्या भिंतीवर 'कम्युनिकेशन ऑफिसर' अशी पाटी होती. म्हणजे कारखान्याच्या सगळ्या नोटिसा, परिपत्रकं, वाढदिवसाच्या शुभेच्छा ते लिहितात. वीस वर्षं त्यांनी हे सगळं हाताने लिहिलं, आणि फार हळू लिहिलं. 'पिंपात तंबाखू थुंकू नये' एवढ्या चार शब्दांना त्यांना दोन दिवस लागले होते. का, तर "थुंकणाऱ्याले वाईट नाही वाटलं पाहिजे ना ताई."

मग हेड ऑफिसने एआय दिलं आणि साहेबांना जन्माचा सोबती मिळाला. काहीही असो, ते त्याला एकच सांगायचे, "जरा मुलायम करून द्या." पिंपाची नोटीस नव्याने लागली: 'आपला कारखाना हे आपलं दुसरं घर. चला, स्वच्छतेच्या या सुंदर प्रवासात सहभागी होऊ या.' लोकांनी ती वाचली, मान डोलावली आणि पिंपात थुंकले.

कामगारही काही मागे नव्हते. फोन सगळ्यांकडेच आहेत. पेंट शॉपच्या बबनचा रजेचा अर्ज आला: 'माझ्या पचनसंस्थेने सध्या एका आव्हानात्मक टप्प्यात प्रवेश केला असून...' साहेब गहिवरले. "पाहा ताई, लोकं किती सुधरून राहिले." त्यांनी तितकंच मुलायम उत्तर तयार करून घेतलं: 'आपल्या पचनसंस्थेच्या या वाटचालीत कंपनी आपल्या पाठीशी आहे.' एका माणसाच्या जुलाबांवर दोन यंत्रं एकमेकांशी अशी अदबीने बोलत होती. बबन तोवर तीन दिवस घरी झोपून, बरा होऊन परतही आला होता.

मॅनेजर मात्र साहेबांवर खूश असायचे. ओरडा नाही, कुरकुर नाही, सगळं कसं गोड. म्हणूनच दुसरी पाळी बंद करायचं ठरलं तेव्हा त्यांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. अठरा माणसं कमी करायची होती. "गडबड नको व्हायला," मॅनेजर म्हणाले. "तुमच्या स्टाईलमध्ये करा."

सोमवारी सकाळी बोर्डावर कागद लागला. मथळा होता 'नव्या क्षितिजाकडे'. खाली लिहिलं होतं, 'कंपनी आपल्या अठरा गुणवंत सहकाऱ्यांना नव्या संधींचा शोध घेण्यासाठी मोकळीक देत आहे. त्यांचे हार्दिक अभिनंदन.' त्याखाली नावं होती.

दुपारी नामदेव आला. लेथवर काम करणारा, भिवापूरचा माणूस. इथे खोली करून राहतो आणि रविवारी घरी जातो. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"साहेब, यादीत माहं नाव आलं," तो म्हणाला. "घरी फोन केला. माय म्हणे, पहिले साहेबाले गोड दे."

साहेबांनी पेढा घेतला. तो हातातच राहिला.

"तुले काय समजलं नामदेव?"

"मोकळीक भेटली म्हणते ना. नवी संधी. नव्या मशीनवर घेऊन राहिले का आमाले?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मग ते उठले आणि आपली खुर्ची त्यांनी नामदेवला दिली.

"बस. नोकरी गेली गा."

"कोनाची?"

"तुही. पहिल्या तारखेपासून. त्या अठराच्या अठरा जणायची."

नामदेवने पुडा दोरा गुंडाळून पुन्हा बांधला. म्हणाला, "घरी काय सांगू आता?"

"हेच सांग. आजच सांग."

तो गेल्यावर साहेबांनी कॉम्प्युटर बंद केला. कोरा कागद घेतला आणि पाच मिनिटांत लिहून काढलं: 'दुसरी पाळी पहिल्या तारखेपासून बंद होत आहे. खालील अठरा जणांना त्या दिवसापासून काम नाही. सकाळच्या कागदात हे नीट लिहिलं नव्हतं, ती चूक माझी. काही विचारायचं असेल तर मी बोर्डाजवळ उभा आहे. सोनकुसरे.' जुना कागद काढून त्यांनी तो लावला, आणि खरोखरच तिथे उभे राहिले. पहिली पाळी सुटली, दुसरी आली, तरी ते हलले नाहीत. लोक शिव्या देत होते. एकाने कॉलर धरली. साहेब त्याला "हो गा, खरं हाय" एवढंच म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या केबिनच्या काचेतून आवाज बाहेर आला. संध्याकाळपर्यंत पाटी उतरली. आता साहेब मेन गेटवर गेटपास देतात आणि नोटिसा थेट हेड ऑफिसातून येतात. पूर्वीपेक्षाही मुलायम.

पाटी उतरली त्या संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीवर घरी सोडायला निघाले.

"साहेब, तुम्ही कोणाला साधं 'सरका' म्हणत नाही," मी विचारलं. "मग हे काहून केलं?"

मागे बसल्या बसल्या ते बोलू लागले.

"माहे बाबा मिलमध्ये विणकर होते. एक दिवस गेटवर इंग्रजी नोटीस लागली. मी सातवीत होतो, इंग्रजीत वर्गात पहिला. बाबा मले मुद्दाम घेऊन गेले वाचाले. मी वाचलं. मिल कायमची बंद. बाबानं इचारलं, काय लिहिलं गा? त्यायच्या तोंडाकडं पाहून मी म्हटलं, दुरुस्ती चालू हाय, काही दिवसांनी उघडते."

"मग?"

"आठ दिवस डबा घेऊन गेटवर जात होते. दुसरे सांगत, तर त्यायच्याशी भांडत. मग समजलं त्यायले. पण मले कधी इचारलं नाही, का बा तू खोटं काहून बोलला. उलट मरेपर्यंत सगळ्यायले सांगत, माह्या पोराले इंग्रजी वाचता येते."

साहेबांना गोळीबार चौकात उतरायचं होतं. तो केव्हाच मागे गेला होता. त्यांनी थांबवलं नाही, आणि मीही गाडी वळवायची घाई केली नाही.