चाक जागीं ठेवून खिंड चढल्याची हकीकत

॥ श्री ॥ आदिमाया जगदंबा, जी बसल्या ठायीं त्रिभुवन फिरविते, तिचे चरणीं मस्तक ठेवून हकीकत सांगणे ऐसीजे. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सर, श्रावणमास. एक राज्य होते, तिसऱ्या मजल्यावर, दोन दालने, एक मुदपाकखाना आणि पश्चिमेस सज्जा. नांव सांगावयाचे कारण नाही. गादीवर निळकंठराजे. राजे सायकलीचे मोठे शौकी, पहांटे निघावे, घाट चढावा, खिंडीतल्या देवीस नमस्कार करावा आणि उन्हे येतां परतावे, ऐसा नेम. ही विद्या त्यांस तीर्थरूप आबासाहेबांनी दिधली. राजे बाळ असतां आबासाहेब त्यांस दांडीवर बसवून घाट चढत, आणि राजे घडोघडी पुसत, "आबा, कुठवर आलो?" तेच आबासाहेब आतां अंथरुणास खिळले होते, दुखणे पोटाचे, आणि वैद्यराजांनी हात टेकिले होते.

त्या सालीं पर्जन्याने हद्द केली. घाटांत दरड उतरली, रस्ता बंद जाहला, नगरांत गुडघाभर पाणी, आणि राजे कष्टी जाहले की पावसाळाभर बसून राहिलो तर मांड्या सैल पडतील, दम जाईल, वर्षांची कमाई मातीस मिळेल. मग राजांनी लोखंडाची घोडी आणविली, तीवर सायकलीचे मागील चाक चढविले, आणि त्या घोडीस एक स्क्रू होता, तो आवळितां चढ लागे आणि सैल करितां सपाटी लागे. दुसरीकडे जागा नाही म्हणून घोडी आबासाहेबांचे दालनांतच मांडिली. मग राजांनी रोज सकाळीं सूर्यनमस्कार घालावे, बैठका माराव्या, खाली जुने धोतर अंथरोन सायकलीवर स्वार व्हावे, आणि धोतर घामाने भिजोन चिंब होई तोंवर उतरूं नये. खालच्या मजल्याचे सरदार वामनराव जिन्यांत गाठ पडतां बोलिले, "राजे, आमच्या डोक्यावर गिरणी घातलीत, आता दळण तरी करून द्या!" राजे बोलिले, "वामनराव, जातं नुसतंच फिरतंय, पीठ काही पडत नाही." आणि राणी सगुणाबाईंनी वाटीभर शिरा खाली पाठवून सलोखा राखिला.

पहिल्याच दिवशीं चाकाची घरघर ऐकोन आबासाहेबांनी डोळे उघडिले आणि पुसिले, "निळू, कुठवर आलो?" राजे चकित जाहले, मग बोलिले, "वेशीवरच्या वडापाशी, आबा." मग रोज हेच जाहले. आज जकातनाका, उद्यां पूल, परवां पायथ्याची चहाची टपरी. आबासाहेब ऐकोन हसत, आणि दोन चमचे पेज अधिक घेत. वैद्यराज नाडी पाहोन बाहेर येऊन बोलिले, "खिंडीची आस धरून राहिलेत. नाहीतर अंगात काही उरलेलं नाही." हे ऐकोन राजांचे मनांत भय शिरले की खिंड आली म्हणजे आस सरली. तेव्हांपासोन राजांनी स्क्रू सैल केला आणि वाट लांबविली. कधी चाक पंक्चर जाहले म्हणावे, कधी ओढ्यास पाणी आले म्हणावे, एक वळण सरतां दुसरे सांगावे. इकडे पेज सुटली, पाणीही जाईना, आणि आबासाहेब दिवसभर कण्हत पडत.

राणी सगुणाबाई मोठ्या व्रतस्थ. श्रावणांत रोज कहाणी सांगितल्यावांचून अन्न घेत नसत, आणि ऐकावयास आबासाहेब, मुठींत अक्षता धरोन. एके दुपारीं कहाणी सांगतां आबासाहेबांनी थांबविले. "सूनबाई, कहाणी मधेच सोडली तर काय होतं?"

"दोष लागतो, आबा. ऐकणाराही अडकून पडतो म्हणतात."

"मग हेच तुमच्या नवऱ्याला सांगा. मी खुळा नाही. चाक जाग्यावर आहे, मला दिसतंय. पण चढाला श्वास फुलतो, आणि त्याचा फुलत नाही. स्क्रूचा आटा सैल केलाय त्यानं. मला वाटेत बसवून ठेवलंय." आणि मग हळूच बोलिले, "फार दुखतंय गं."

राणींनी कहाणी पुरी केली, पदराने डोळे टिपिले, आणि मुदपाकखान्यांत जाऊन राजांस विनविले, "अहो, तो स्क्रू आवळा."

"मग ते जातील, सगुणा."

"जातील."

"तू एवढे नेम करतेस. सांग ना तुझ्या देवीला, राहू दे म्हणून."

"सांगितलं. रोज निरांजन लावताना सांगितलं. आता वाटतं, आपण मागतोय ते त्यांच्यासाठी नाही, आपल्यासाठी मागतोय." यावर राजे नळाकडे तोंड करोन उभे राहिले आणि नळ सोडोन पुष्कळ रडले.

दुसरे दिवशीं राजांनी स्नान केले, वडिलांचे पायांस हात लाविला, स्क्रू होता तितका आवळिला आणि स्वार जाहले. चाक जड जाहले, श्वास फुलला, आणि आबासाहेबांचे मुखावर तेज आले. "हां, आता चढ लागला! उभा राहून मार. मान टाकू नको. घोडा खुंटीला बांधलाय म्हणून स्वारानं पेंगायचं नसतं!" राजे उभे राहोन मारूं लागले, घाम आणि आंसवे एकच जाहली, वामनरावांनीही त्या दिवशीं खालून ओरड केली नाही, आणि राणी दारांत हात जोडोन उभ्या होत्या. मग राजे थांबले आणि बोलिले, "आबा, खिंड."

"देवी?"

"समोर आहे. इथं पाऊस नाही. दोन्हीकडचा मुलूख दिसतोय."

आबासाहेबांनी हात जोडिले. "आता मला इथं उतरव आणि तू पुढं जा. उताराला ब्रेक जपून." त्यानंतर त्यांनी वाट पुसली नाही. थोडके दिवस निजोन राहिले, आणि अमावास्येचे आदले दिवशीं, भर दुपारीं, राणींचे हातचे गंगाजल घेऊन कैलासवासी जाहले.

पुढे भाद्रपद सरतां आभाळ फांकले, दरड निघाली, आणि राजे घाटास गेले. सोबती मागें पडले, राजे पुढे. एकाने पुसिले, "राजे, पावसाळाभर घरात होतात, मग दम कसा राखलात?" राजे बोलिले, "घरातही घाटच होता." आणि खिंडींत पोचोन देवीस नमस्कार केला, आणि दगडावर बसले.

एकूण मजकूर इतकाच. राजांनी घरांत देह राखिला, तो राहिला. वडील राखूं पाहिले, ते राहिले नाहीत. पोचवूं गेले, तेव्हां पोचले. जगदंबा ज्याची त्यास वाट देवो.