मलईसकट गोळी

देऊळगाव राजात अन्नपूर्णाबाईंसारखी नवऱ्याची सेवा करणारी दुसरी बाई दाखवा! हे आम्ही नाही म्हणत, त्या स्वतःच म्हणतात. हिंमतरावांना पार्किन्सन झाल्यापासून सकाळी सातची गोळी त्या आपल्या हातानं देतात, तीही पेलाभर दुधासोबत, वर बोटभर मलई!

एवढं करून हिंमतराव दुपारपर्यंत खुंट्यासारखे. पाय उचलेना, सदऱ्याचं बटण लागेना. शनिवारी दोघांनी बालाजीच्या देवळात पायी जावं, एवढीच बाईंची इच्छा. तीन महिने झाले, जमलं नव्हतं.

आणि दुपारी? बाराच्या सुमारास स्वारी पाय घासत समोरच्या शंकररावांकडे पत्ते खेळायला जायची आणि दीड तासानं झपाझप परत! शंकररावांची बायको कोकिळा रिटायर नर्स. हसरी, नीटनेटकी, केसांत गजरा. बाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

"तिच्या घरी बरे चालतात तुमचे पाय!"

"औषधाचा गुण असते वं."

"औषध तर मी बी देतो! मंग माह्या हातानं काऊन नाही येत गुण?"

दुसऱ्या दिवशी वाटीभर लोणच्याचं निमित्त काढून बाई बरोब्बर बाराला कोकिळाच्या दारात. पाहतात तर काय, हिंमतरावांनी खिशातून दुपारची गोळी काढली आणि कोकिळानं पेला पुढे केला. नुसत्या पाण्याचा!

"एवढंच? माह्या नवऱ्याले कोरडं पाणी पाजता?"

"वैनी, दुधातलं प्रोटीन या गोळीले आडवं येते. जेवणाच्या अर्धा तास आधी, पाण्यासंग, रोज ठरल्या टायमाले. डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून देल्लं हाय. वाचली नाही का?"

बाई गर्रकन नवऱ्याकडे वळल्या.

"तुमाले ठाऊक होतं?"

"हाव."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तू मलई बंद केली असती ना!"

शनिवारी सातला गोळी आणि पाणी. दूध कपाटात, किल्ली बाईंच्या कमरेला! आठ वाजता हिंमतराव ताठ उभे. बटणं त्यांची त्यांनी लावली. बाईंचे डोळेच भरून आले.

"आज कोनाच्या हातची गोळी लागू पडली?"

"तुह्याच!"

झालं, तीन महिन्यांची जळजळ शांत! निऱ्या सारख्या करून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाई अंगणात येतात, तो हिंमतराव रस्ता ओलांडून पार.

"अहो, देऊळ इकडे हाय! तिकडे कुठी चालले?"

"आलोच!" हिंमतराव झपाझप चालता चालताच ओरडले. "कोकिळाबाईले सांगून येतो, तुह्या हातची गोळी लागू पडली म्हणून!"