किनाऱ्यावरचा माणूस

"कागद दिला तर घेऊ नका हं. एकदा घेतलात की अडकलात."

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मोकाशी चौथ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूला सांगत होते. मी त्यांच्या मागे लिफ्टची वाट बघत उभी होते. मी मागे असले की लोक मोकळेपणाने बोलतात, कारण मी आहे हे त्यांच्या लक्षातच येत नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि आतून सामंतकाका बाहेर आले. डोक्यावर टोपी, ती वाऱ्याने उडू नये म्हणून दोरीने कॉलरला बांधलेली, गळ्यात शिट्टी आणि हातात कागद.

मोकाशींनी तत्काळ फोन कानाला लावला. भाडेकरू नोटीस बोर्ड वाचायला लागला. उरले मी.

"बाळ, मराठी वाचता येतं ना तुला?"

"हो."

"मग झालं."

नाही म्हणायला मला साधारण दहा सेकंद लागतात. तेवढ्यात कागद माझ्या हातात होता आणि काका गेटबाहेर पोचले होते.

कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'निघालो ७:१०. बोट पांढरी, चोवीस फुटी, शीड मळकट. माणसं: एक. जाणार: खाडीच्या तोंडापर्यंत. घरी परत ४:३०. पाच वाजेपर्यंत न आल्यास जेट्टीवर म्हात्रेंना फोन करणे. मला करू नये, माझे हात दोरात असतात.' खाली म्हात्रेंचा नंबर, आणि सगळ्यात शेवटी 'किनाऱ्यावरच्या माणसाची सही'.

सामंतकाका ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. रिटायर झाल्यावर माणसं गावाला घर बांधतात, काकांनी जुनी शिडाची बोट घेतली. आत झोपायला दोन बाकं आणि एक स्टोव्ह आहे म्हणे. ती बेलापूरच्या खाडीत उभी असते आणि दर रविवारी काका एकटे ती घेऊन जातात. निघण्याआधी किनाऱ्यावरच्या एका माणसाला लेखी कळवायचं, हा त्यांचा पहिला नियम. "बोटीचं सगळ्यात महत्त्वाचं उपकरण बोटीवर नसतं," ते म्हणतात. "ते घरी बसलेलं असतं आणि त्याला घड्याळ कळावं लागतं."

ते उपकरण आता मी झाले होते.

काका सातव्या मजल्यावर राहतात, आम्ही सहाव्या. त्यांच्या घरातल्या प्रत्येक फळीला पुढून दोन बोटं उंचीची पट्टी ठोकलेली आहे, डबे घसरू नयेत म्हणून. गॅस सिलिंडर पट्ट्याने भिंतीला आवळलेला. मोकाशी एकदा म्हणाले होते, "अहो काका, बिल्डिंग कलत नाही."

"अजून तरी नाही," काका म्हणाले.

त्यांच्याकडे प्रत्येक वस्तू दोन असते. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन टॉर्च, दोन फोन. कोणी हसलं तर उत्तर ठरलेलं: "पाण्यात दुकान नसतं." डी-मार्ट खालीच आहे, हे त्यांना सांगून उपयोग नसतो.

त्यांचा सल्ला घेणारेही आहेत. नव्या बोटी घेतलेले मुंबईचे श्रीमंत लोक त्यांना फोन करतात. काका गॅलरीत बसून फोन स्पीकरवर टाकतात, त्यामुळे माझंही शिक्षण होतं.

"काका, मी नवीन म्युझिक सिस्टिम लावली बोटीत."

"छान. नांगराला साखळी किती?"

"दहा मीटर असेल."

"आणि नांगरता कुठे? खोली किती?"

"पाच-सहा मीटर."

"मग तो नांगर नाही, दागिना आहे. काढून मिसेसना द्या. खोलीच्या पाचपट सोडायची साखळी. आणि खोली भरतीची धरायची, ओहोटीची नाही."

दुसरा एक जण कायम विचारायचा, वारा वाढला की शीड नेमकं कधी कमी करायचं. काका शांतपणे म्हणायचे, "हा प्रश्न मनात आला ना तुमच्या? तेव्हाच उशीर झाला."

बोटीच्या तळाला जिथे जिथे पाइपसाठी भोक आहे, तिथे त्या मापाचं लाकडी बूच दोरीने बांधून ठेवायचं, असंही ते सांगतात. पाइप फुटला तर शोधत बसायला नको. घरीही त्यांच्या प्रत्येक नळाला असं बूच लटकलेलं आहे. गेल्या वर्षी आमच्या डक्टमधला पाइप फुटला आणि जिन्यावरून पाणी वाहायला लागलं. मोकाशी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून फोनवर ओरडत होते. प्लंबर बोनकोड्याहून निघाला होता आणि ट्रॅफिकमध्ये होता. काका वरून बूच आणि लाकडी हातोडा घेऊन आले. दोन ठोके मारले, पाणी थांबलं.

"थँक्यू हां काका! तुम्ही होतात म्हणून."

"त्यात काय," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून कागद काढला. "उद्या जरा निघतोय मी..."

मोकाशी दिसेनासे झाले. "उद्या काही झालं म्हणजे पोलीस मला विचारणार," असं ते नंतर सगळ्यांना सांगत होते. त्यांचंही चूक नव्हतं.

काकांचा दुसरा नियम तपासणीचा. "न तपासलेलं उपकरण म्हणजे नुसतं वजन." दर महिन्याच्या एक तारखेला ते गॅलरीत शिट्टी वाजवून बघतात. आग विझवायचं नळकांडं उलटं करून हलवतात. लाइफ जॅकेट फुगवून अंगात घालतात आणि तसेच खाली दूध आणायला जातात, हवा उतरते का ते बघायला. दूधवाल्याने आता विचारणं सोडलंय.

माझं काम तसं सोपं होतं. रविवारी साडेचारच्या आधी काका आमची बेल एकदाच वाजवायचे. मी कागदावर वेळ घालून सही करायची, ते मान हलवून वर जायचे. बोलणं काहीच नाही. मला ते बरं वाटायचं.

एका रविवारी कागद माझ्याकडेच राहिला, म्हणून मी तो द्यायला वर गेले. काकांनी एक जाडजूड रजिस्टर काढलं. कागद त्यात चिकटवायचे होते. ते डिंक शोधायला आत गेले आणि मी पानं उलटली.

जुन्या पानांवर डावीकडे काकांचं अक्षर होतं आणि उजवीकडे दुसरं, तिरकं. 'आले. १२ मि. उशीर. चहा दुसऱ्यांदा गरम केला.' 'आले. वेळेवर. आश्चर्य.' 'आले. पायाला चिखल. लादी त्यांच्याकडूनच पुसून घेतली.' ते काकांच्या बायकोचं, शैलाकाकूंचं. त्यांना जाऊन तीन वर्षं होत आली. एका पानावर तिरकं अक्षर थांबलं होतं. पुढे कितीतरी पानं डावीकडे काकांच्या अक्षरात 'निघालो' आणि उजवीकडेही काकांच्याच अक्षरात 'आलो'.

डिंक सापडला. अर्थात दोन बाटल्या. मी कागद पुढे केला.

त्यानंतर महिन्याभराने एका रविवारी साडेचार वाजले आणि बेल वाजली नाही.

पावणेपाचला मी दार उघडून लिफ्टचा आकडा बघितला. पाच वाजले. अनोळखी माणसाला फोन करणं मला जमत नाही. पिझ्झासुद्धा मी ॲपवरून मागवते. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी करू का?" मी नाही म्हटलं. सही माझी होती. फोन लावला तेव्हा पाच वाजून सात मिनिटं झाली होती.

"कोन बोलतंय?"

मी लिहिलेलं सगळं एका श्वासात वाचून टाकलं.

"सामंतसाहेब? ते काय, समोरच हायेत. बोट चिखलान बसली हाय. भरती आली का निघतील. काय टेन्शन नाय, बिस्किटा खातान बसून." मग त्यांनी विचारलं, "तुमी कोन हाय त्यांच्या?"

हे मी लिहून ठेवलं नव्हतं.

"मी... किनाऱ्यावरचा माणूस," मी म्हणाले.

"आं?"

मी फोन ठेवला.

काका घरी आले ते सहा वाजून चाळीस मिनिटांनी. पँट मांडीपर्यंत चिखलाने माखलेली, टोपी जागेवर. मी दारातच कागद घेऊन उभी होते.

"म्हात्रे ओरडून सांगत होता, एका मुलीचा फोन आला म्हणून," ते म्हणाले. "किती वाजता केलास?"

"पाच सात."

"सात मिनिटं उशीर."

मी त्यांच्या छातीवर लटकणाऱ्या वॉटरप्रूफ पिशवीकडे बघितलं. आत दोन्ही फोन होते. दोन्हींचे दिवे लुकलुकत होते. बोट चिखलात बसलेली असताना हात काही दोरात नव्हते.

माझी नजर त्यांना कळली असावी. ते पायपुसण्यावर चिखल काढत राहिले, एक पाय, मग दुसरा, मग परत पहिला.

"चालू होते दोन्ही," ते शेवटी म्हणाले. "साडेचारलाच करणार होतो. मग म्हटलं, बघू." टोपीची दोरी सोडत म्हणाले, "हे उपकरण तपासलेलं नव्हतं ना. शैलाला कधी तपासावं लागलं नाही. ती अर्धा तास आधीच म्हात्रेचं डोकं खायची."

मला राग आला होता. तो कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं. मी भिंतीवर कागद धरला आणि वेळ लिहिली, ६:४०. त्याखाली लिहिलं, 'आले.' एरवी मी एवढ्यावर सही करून कागद देते. या वेळी पेन कागदावरून उचललं नाही, आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले,

"दोन तास दहा मिनिटं उशीर. फोन करायचा ना मग, काका."