मागचं पान बघितलंत का?

अमेरिकेतल्या आमच्या नोव्हाय गावात टिळेकरकाका समोरून येताना दिसले की लोक हातातला कागद आधी उलटा करून बघतात. कारण काका विचारणारच, "मागचं पान बघितलंत का?" मग ते मेनूकार्ड असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर औषधाच्या डबीतला चिठोरा. एकदा माझ्या नवऱ्याच्या वाढदिवसाला आलेलं ग्रीटिंग त्यांनी सगळ्यांदेखत उलटं केलं आणि मागची किंमत मोठ्यानं वाचली. मीच दिलं होतं ते.

हे वेड मूळचं मतपत्रिकेचं. इथे खालच्या कोर्टातले जज आपण मतं देऊन निवडतो आणि त्यांची नावं येतात अगदी शेवटी, कागदाच्या मागच्या बाजूला. प्रेसिडेंटवरून घसा फोडून भांडणारी आमची मंडळी तिथवर पोचतच नाहीत. पोचलीच तर कानावरून गेलेल्या नावापुढचा गोल भरून मोकळी. "घटस्फोट, पोरंबाळं, जेल, सगळं त्या पानावर आहे," काका कातावून सांगायचे. न्यू जर्सीतली त्यांची बहीण फोनवर ऐकवायची, की आमच्याकडे गव्हर्नरच जज नेमतो, कटकट नाही. काका म्हणायचे, नेमतो म्हणजे चिकटवतो. माणूस कसा नजरेखालून घालून निवडावा.

ती संधी गणपतीत आली. एक उमेदवार आमच्या मंडळात आला. कुणीतरी दिलेला मोरपंखी कुर्ता, कपाळाला गंध, आरतीला भलत्याच ठेक्यात टाळ्या. काकांनी स्वतःच्या हातानं मोदक वाढला, वर तुपाची धार सोडली, फोटो काढून घेतला. त्यानं दुसरा मोदक मागून घेतला आणि झालं, काका विरघळले. लॉनवर त्याच्या नावाची पाटी रोवली, घरोघर फोन केले. या माणसाला कायदा किती कळतो, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मोदक आवडला ना, मग बस! तो निवडून आला.

पुढे काकांच्या मुलाचा, निरंजनचा, घटस्फोट झाला आणि केस नेमकी याच जजसमोर आली. सुनेला टेक्ससला नोकरी मिळाली होती. पाच वर्षांच्या सईला घेऊन जायची परवानगी तिला हवी होती. काका कोर्टात गेले ते गणपतीतलंच रेशमी जाकीट घालून, आणि बसले पुढच्या बाकावर, जजला दिसेल असे. "मोदक खाल्लेला माणूस आहे," मला म्हणाले. मला चीड आली, कीवही आली. जजनं मान वर केली, त्यांच्यावरून नजर फिरवली आणि परवानगी देऊन टाकली. चहा निवायलाही जास्त वेळ लागतो. सई गेली.

बहिणीचा फोन आलाच. नेमलेला असता तर असं झालं नसतं, म्हणाली. काका पहिल्यांदाच तिच्यावर ओरडले नाहीत. मला मात्र हळूच म्हणाले, "त्यानं ओळखलं नाही याचं वाईट वाटलं. मग वाटलं, ओळखून सई आम्हाला दिली असती, तर ते कोर्ट कसलं?"

यंदा तो जज पुन्हा उभा राहिला. कुर्ता चढवून मंडळातही आला. काकांनी मोदक वाढला, तूपही वाढलं. आमची सई आता पोहायला शिकली, असं त्याला इंग्रजीत सांगितलं. "वंडरफुल," म्हणून तो पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळला. सई कोण, हे काही त्यानं विचारलं नाही.

मतदानाला काकांना मीच ड्राइव्ह करून नेलं. म्हटलं, आज म्हातारा उट्टं काढणार. मी माझा कागद उलटला, तर त्या जागेसाठी एकच नाव. विरोधात कुणी उभंच नव्हतं. याला म्हणे निवडणूक! बहिणीचा गव्हर्नर निदान उघडपणे नेमतो तरी.

काका बऱ्याच वेळानं बाहेर आले. गाडीत बसल्यावर मी विचारलं, ती जागा कोरी सोडलीत ना?

"नाही. खाली नाव लिहायला एक ओळ असते. तिथे सई टिळेकर लिहिलं."

"काका, असलं मत मोजत नाहीत."

"ठाऊक आहे मला." त्यांनी सीटबेल्ट लावला. "इथे तिचं नाव आता कुठेच लिहायला मिळत नाही गं. शाळेत नाही, डेंटिस्टकडे नाही. चांगल्या अक्षरात लिहिलंय. मोजू नका म्हणावं, पण कुणाला तरी एकदा वाचावं लागेल."