सांबरांचा माज आश्विनात आला त्याची हकीकत

श्रीवनदेवता समर्थ. आधी तिला दंडवत, मग कारकुनांस. कारण रान तिचे आणि दफ्तर त्यांचे. शके सोळाशे एकुणऐंशी, ईश्वरनाम संवत्सरी, अधिक श्रावणाचे साली वर्तमान जाले ते येणेप्रमाणे.

डोंगरी मुलखी एक राज्य होते. तेथील महाराज शिकारीचे बहुत शौकी, परंतु दिलाचे मऊ. माजावर आलेले सांबर मारू नये ऐसा त्यांचा नेम होता. माज कधी चढला, कधी उतरला, हे पाहण्याचे वतन सुभानजी डोईफोडे याचे घरी पाच पिढ्या चालत होते. तो रानात फिरे, नरांनी लोळण घेतलेला चिखल हुंगे, शिंगे घासलेल्या झाडांची साल पाही, आणि मग हुजुरांस सांगे, "सरकार, आता बंदुका ठेवा," आणि बंदुका ठेवीत. परंतु दोन सालांमागे चिटणीस तिमाजीपंत यांस हे गैरशिस्त वाटले. राज्याचा कारभार चिखल हुंगून चालावा, म्हणजे काय? मग त्यांनी जुने कागद काढून माज कार्तिकात येतो ऐसे ठरविले, आणि "कार्तिकमासी शिकार बंद, इतर मासी सांबर माजात नाही" ऐसा शिक्क्याचा कागद जाला. दोन साले सांबरांनी कागद पाळिला. तिसरे साली अधिकमास पडला, सगळे सण महिनाभर पुढे गेले, आणि सांबरांस कोणी कळविले नाही. ती आपली थंडी पाहून दसऱ्यालाच माजावर आली.

सुभानजी धावत कचेरीत गेला. पंत म्हणाले, "अरे, हा आश्विन आहे. आश्विनात माज येतोच कसा?"

"पंत, मी हुंगून आलो."

"हुंगण्यास दफ्तरी आधार नाही."

मग पंतांनी उदार होऊन रानात दवंडी पिटविली की आश्विनात माज करू नये, आणि दवंडीस दोन गुराखी आणि एक म्हैस हजर होती. आणि कोजागिरी होताच स्वारी निघाली. बंदूक सुटण्याआधी "माज नाही" या कागदावर सुभानजीची निशाणी लागत असे. ती न केल्यास वतन खालसा. बायको भागाई म्हणाली, "करा की एकदाची निशाणी! सांबरं काय आपल्याला जेवू घालणार आहेत?" सुभानजीस त्या दिवशी भाकर गोड लागली नाही.

वद्य द्वितीयेस सकाळी महाराज रानाच्या कडेस बंदूक घेऊन बसले, आणि एक थोर नर चिखलाने माखलेला, शिंगांत गवत अडकलेला, डुरकत उघड्यावर आला. वीस हातांवर उभा राहून त्याने बंदुकीकडे पाहिले आणि हलला नाही. पंतांनी लिहिले, "सांबर एक, वर्तन साधारण." मग दुसरा नर आला आणि दोघांनी शिंगास शिंगे भिडविली, माती उडाली, पंतांच्या दौतीत पडली. पंतांनी लिहिले, "उभयतांची भेट जाली." मग कागद आणि बोरू सुभानजीपुढे केला.

सुभानजीने बोरू हाती घेतला.  मग त्याने बोरू कलमदानात परत ठेविला आणि महाराजांपुढे डोई ठेवून म्हणाला, "सरकार, वतन घ्या. हा माजच आहे. आज यांना भय सुचत नाही, चार दिवसांत सगळे नर मारून होतील, आणि पुढल्या साली रानात पाडस दिसणार नाही. माझ्याच्याने निशाणी होत नाही."

महाराजांनी शिंगे भिडविलेल्या नरांकडे पाहिले. पंत हळूच म्हणाले, "महाराज, शिक्क्याचा कागद खोटा पडू नये."

"कागद खरा," महाराज बोलिले, "आणि सांबर तर समोरच आहे. मग लबाड तो महिनाच! आजपासून राज्यात कार्तिक. वद्याचे शुद्ध करा. सुभानजीचे वतन कायम." आणि बंदूक खाली ठेविली.

मग दोन प्रहरी डंका पिटला, आणि लोकांस कळले की आज कार्तिक शुद्ध द्वितीया. नरकचतुर्दशी, लक्ष्मीपूजन, पाडवा त्या साली राज्यात आलेच नाहीत, आणि भाऊबीज न सांगता दारात उभी राहिली. भागाईचे पाच भाऊ एकदम आले. घरात लाडू नाही, करंजी नाही, चूलही विझलेली. तिने नवऱ्याचा जो उद्धार केला तो लिहिण्यास कागद पुरणार नाही, आणि मागाहून सगळा गाव त्याच कामास आला. सुभानजी खाली मान घालून ऐकत होता. शेवटी भागाई दमली आणि म्हणाली, "पोरांची दिवाळी गेली हो!" तेव्हा त्याचे डोळे भरले. तो म्हणाला, "दिवाळी पुढल्या साली येईल गं. तो नर गेला असता तर कुठून आणला असता?"  भागाईने पाचही भावांस गूळ-भाकर वाढिली आणि ओवाळिले.

पुढले साली पाडसे बहुत जाली. पंतांनी दफ्तरी लिहिले की कागद बरोबर ठरला. ऐसी ही हकीकत. राज्यात कोणी चुकले नाही, आणि रानात कोणी मेले नाही.