न्हाणीच्या दाराचा झोका

दौलतकाका चालता चालता जेवायचे. डाव्या हातावर भाकरी, भाकरीवर ठेचा आणि परसात येरझाऱ्या. मागून सखूकाकू तांब्या घेऊन. "अवं, बूड टेकवा की घटकाभर!"

"टेकवलं तर उठायची इजाजत कोण देणार?"

बीडच्या कचेरीत त्यांनी उभी हयात चपराशी म्हणून काढली होती. बसणं त्यांना जमतच नसे. दुसरी खोड कायद्याची. निजाम सरकारचे सगळे कायदे त्यांना पाठ आहेत असं गाव धरून चालायचं, कारण कचेरीतलं उर्दू गावात दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. आमच्या कुत्र्यानं त्यांच्या दारात कितीदा भुंकावं, यालाही त्यांच्यापाशी कायदा होता.

आम्ही शेजारी. मी आठ-नऊ वर्षांची. एका सकाळी काकांनी कुंपणावरून हाक मारली, "ताई, परसातल्या कडूलिंबाला झोका बांधतोय. आळीतल्या समद्या लेकरांना सांग. तामील झाली पाहिजे!"

काका-काकूंना मूलबाळ नव्हतं. आईला नवल वाटलं.

मग जी धांदल उडाली! फांदी चारदा बदलली. फळी मिळेना म्हणून काकांनी न्हाणीचं दार उचकटलं.

"आता मी न्हाऊ कुठं?" काकू ओरडल्या.

"गोधडी लाव. कायद्यात मनाई न्हाई."

दोर अंबाडीचा, मांगवाड्यातल्या तुकानं वळलेला. काका झोक्यावर जवारीचं पोतं बसवून बघत, मान हलवत, गाठी सोडत, पुन्हा बांधत. आम्ही रोज जायचो आणि न बसताच परत यायचो.

एकदाचं त्यांच्या मनासारखं झालं. आम्ही रांग लावली. तुका लेकीला, चिंगीला, घेऊन कुंपणाबाहेर उभा होता. काका त्याला म्हणाले, "चिंगीला आण. दोर ज्यानं वळला, त्याच्या लेकरानं आधी बसायचं. कायदा हाय."

तुका घाबरला. "न्हाई मालक. गाव काय म्हणंल?"

"गावाला उर्दू येतं का?"

त्यांनी स्वतः चिंगीला उचलून फळीवर बसवलं. कुणाची तरी आई किंचाळली आणि बघता बघता परस रिकामं झालं. मला आईनं वेणीला धरून घरी नेलं.

दुपारी पाटील आले. "दौलतराव, कागद दाखवा त्या कायद्याचा."

"कागद कचेरीत हाय. दरखास्त करा."

पाटलांनी दरखास्त केली नाही. पण आळीतलं एकही पोर मग तिकडं फिरकलं नाही. तुकानंही चिंगीला पाठवलं नाही. काका सकाळी गाठी आवळायचे, आळीच्या टोकापर्यंत जाऊन बघायचे, परत यायचे, पुन्हा गाठी आवळायचे.

मी कुंपणाशी जाऊन हळूच विचारलं, "काका, तो कायदा खरा हाय?"

त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. "न्हाई गं. कचेरीत लोक यायचे, लेकरं कडेवर घेऊन. मी म्हणायचो, बाहीर थांब. तसा हुकूमच होता. उन्हात लई लेकरं थांबवली मी."

पाचव्या दिवशी ते मांगवाड्यात गेले आणि चिंगीला बोट धरून घेऊन आले. रिकाम्या परसात एकटीनं बसायचं म्हटल्यावर ती भोकाड पसरून रडायला लागली. काका झोक्याभोवती नुसते घिरट्या घालत राहिले. मी आणि आई कुंपणाशी उभ्या होतो.

तेवढ्यात सखूकाकू बाहेर आल्या. हाताला पीठ तसंच. सरळ फळीवर बसल्या आणि चिंगीला ओढून मांडीवर घेतलं.

"द्या की झोका! बघता काय?"

काकांनी दोर धरला. त्यांनी हलकेच झोका दिला. काकूंचा पदर उडाला. चिंगी डोळे पुसता पुसता हसली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "अजून एकीला जागा हाय का, इचार जा."